भाजणीचा चौकोन

निरोप आला तेव्हा सव्वानऊ वाजले होते आणि कागदबाई शिक्क्याच्या पॅडवर शाई सोडत होती. संगणकाच्या पडद्यावर परदेशच्या व्यापाऱ्याचं नाव दिसलं. तिनं शाईच्या बाटलीला बूच लावलं, बोटं फडक्याला पुसली आणि मगच वाचायला घेतलं. एरवी हा व्यापारी दोन ओळी आभाराच्या आणि एक कामाची अशा चालीनं लिहायचा. आज आभार नव्हते.

कंटेनर सहा दिवसांपासून त्यांच्या बंदरात अडकून पडला होता. तिथल्या कस्टम्सनं माल भाजलेला धरला होता. साधा काजूगर त्यांच्या देशात बिनशुल्क उतरतो. तोच भाजलेला असला तर तयार खाद्यपदार्थ ठरतो आणि त्यावर शेकडा अठरा शुल्क बसतं. हे शुल्क आम्ही भरणार नाही, व्यापाऱ्यानं लिहिलं होतं. दहा दिवसांत दुरुस्ती आली नाही तर माल परत निघेल आणि आपला व्यवहार इथेच संपला असं समजावं. खाली एक कागद जोडला होता. प्रक्रिया-पत्र. यंदापासून प्रत्येक कंटेनरसोबत तो द्यावा लागायचा. बी कशी फोडली, यासाठी त्यावर दोन चौकोन होते, ‘वाफवून’ आणि ‘भाजून’. खूण ‘भाजून’वर होती. खाली सही कागदबाईची.

तिनं तो कागद दोनदा वाचला नाही. खूण आपणच केली हे तिला चांगलं आठवत होतं. आणि का केली तेही.

कागदबाई हे तिला कारखान्यातल्या बायकांनी ठेवलेलं नाव. घरात ती धाकटी. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा निर्यातीच्या कागदांची त्याची खुर्ची रिकामी झाली. दुसऱ्याच महिन्यात थोरल्या जावेनं चाळीस बायकांसमोर तिला सुनावलं होतं, “खुर्ची म्हणजे काही अंगावरचे दागिने नव्हेत, नवऱ्यामागे बायकोला मिळायला.” धाकटी जिना चढून वर गेली आणि खुर्चीत बसली. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

पण कारखाना न बोलता चालत नाही. खालची सगळी जागा थोरलीच्या हाताखाली होती. बॉयलर, फोडणीची टेबलं, सुकवणी, सोलणी, प्रतवारी. वर लाकडी माळ्यावर कागदबाईचं ऑफिस. ऑफिसच्या खिडकीतून खालची टेबलं आणि बॉयलरखोलीचं दार दिसायचं. त्या खिडकीला कप्पीवर दोरी होती आणि दोरीला पत्र्याचा डबा. कागदबाई गुलाबी चिठ्ठीवर प्रश्न लिहायची आणि डबा खाली सोडायची. थोरली त्याच चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर लिहायची आणि दोरीला असा हिसका द्यायची की वरची कप्पी किंचाळायची. चिठ्ठ्यांवर छापील आकडे होते. उत्तर आलेली चिठ्ठी कागदबाई तारेला ओवून ठेवायची. दोन वर्षांत चारशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या होत्या आणि त्यांतल्या एकीतही ‘कृपया’ हा शब्द नव्हता.

चारशे बारा नंबरची चिठ्ठी मात्र तारेला नव्हती. ती टेबलाच्या खणात, शिक्क्यांच्या डब्याखाली होती. पुढच्या बाजूला कागदबाईचं अक्षर: ‘नव्या फॉर्मवर वाफवून आणि भाजून असे वेगळे चौकोन आहेत. खूण कशावर?’ मागे थोरलीचं, पेन्सिल दाबून लिहिलेलं: ‘आपल्याकडे भाजणी आहे. आहे तेच लिहायचं. जास्त शहाणपण नको.’

आता भाजणीचं सांगायला हवं. सासरे तरुण होते तेव्हा काजूबी लोखंडी पिंपात खरोखर भाजत. पिंप फिरवायचं, टरफलाचं तेल पेटायचं, धूर डोळ्यांत जायचा. सासऱ्यांच्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत त्या तेलानं गेलेली. थोरली सून म्हणून आली ती थेट त्या पिंपावर उभी राहिली. बी नेमकी कधी झाली हे ती वासावरून सांगायची, आणि त्या काळात पिंपावर उभी राहिलेली ती एकटीच बाई. चौदा वर्षांपूर्वी पिंप भंगारात गेलं आणि बॉयलर आला. आता बी वाफेवर मऊ होते, थंड होते आणि मग फोडतात. पण खोलीच्या दारावरची पाटी तीच राहिली, वहीतला रकाना तोच राहिला, तोंडातला शब्दही तोच राहिला. भाजणी. दारावरची पाटी थोरली दर वर्षी नव्यानं रंगवून घ्यायची.

हे सगळं कागदबाईला ठाऊक होतं. बॉयलर तिला रोज खिडकीतून दिसत होता. तरीही उत्तर वाचल्यावर तिनं पेन उचललं आणि ‘भाजून’च्या चौकोनात नीट, सरळ खूण केली. करताना तिला बरं वाटलं होतं. तुझ्याच अक्षरात आहे, भोग मग, असं काहीसं. म्हणून तर चिठ्ठी तारेला न ओवता खणात गेली.

बरं वाटण्याची किंमत आज सव्वानऊला कळली.

तिनं बंदराच्या एजंटला फोन केला आणि निरोप डब्यातून खाली पाठवला. दहा वाजता सासरे माळ्यावर आले. मागून थोरली. या जिन्यावर तिचा पाय दोन वर्षांत पहिल्यांदा पडत होता. तिच्यामागे तिचा भाऊ. आठ महिन्यांपूर्वी चार दिवसांसाठी म्हणून आला तो अजून गेला नव्हता. कारखान्यात त्याला सगळे पाहुणे म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. त्याला ते मानाचं वाटायचं.

सासऱ्यांनी कागद लांब धरून वाचला. मग टेबलावर ठेवला.

“ही खूण कुणाची?”

“माझी, मामंजी,” कागदबाई म्हणाली.

“बघा,” थोरली सासऱ्यांकडे बघत म्हणाली. कागदबाईकडे तिनं बघितलंच नाही. “दोन चौकोन. दोनच. त्यातला एक बरोबर. नाणं उडवलं असतं तरी अर्ध्या वेळा जमलं असतं.”

“आणि खाली पाटी कसली लावलीय दारावर, ते तिला विचारा, मामंजी,” कागदबाई म्हणाली. तीही सासऱ्यांकडे बघूनच बोलत होती.

“पाटी कारखान्यासाठी असते. कस्टम्ससाठी नसते.”

“मामंजी, चाळीस बायका दिवसातून शंभरदा भाजणी म्हणतात. वहीत भाजणी. चिठ्ठीवर भाजणी. वर बसून मी कुठला शब्द आणायचा होता?”

“डोकं आणायचं होतं.”

पाहुणे घसा साफ करून पुढे झाले. “मी म्हणतो ताई, चूक कुणाकडूनही होते. पण हे काम जरा जोखमीचं आहे. बाहेर चार माणसांत वावरलेल्या माणसानं...”

“तुम्ही बसा, पाहुणे,” कागदबाई म्हणाली. “चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. तसंही आठ महिने तेच चाललंय.”

थोरलीचं तोंड लाल झालं. सासऱ्यांनी भाजलेला हात टेबलावर ठेवला. हा हात टेबलावर आला की बोलणं संपतं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

“ऐका. ज्या हातानं खूण झाली तो खुर्ची सोडेल. खूण कुणी करायला लावली असेल, तर मात्र खुर्ची राहील आणि लावणारीनं खालचा कारभार सोडायचा. मग ती कुणीही असो. पण आधी कंटेनर. काय ते आत्ताच सांगा.”

खण कागदबाईच्या गुडघ्याला टेकलेला होता. फक्त ओढायचा होता. पण नवरा असताना असाच एक कागद तिनं सासऱ्यांच्या हातात दिला होता. थोरलीच्या नवऱ्यानं कच्चा माल घेताना केलेल्या घोळाचा. सासऱ्यांनी तो वाचला, चार घड्या केल्या, खिशात घातला आणि त्यावर पुन्हा एक शब्द काढला नाही. घरात दाखवलेला कागद घरातच जिरतो. या वेळी बाहेरचा माणूस साक्षीला हवा होता.

“उद्या तपासनीस येतोय,” ती म्हणाली. “बंदराच्या एजंटनं ठरवून दिलाय. परदेशचे कस्टम्स त्याचा अहवाल मानतात. जे सांगायचं ते मी त्याच्यासमोर सांगेन.”

“लपवण्यासारखं नसेल तर उद्यापर्यंत कशाला थांबायचं?” थोरली म्हणाली.

“वाट बघायला सांगा तिला, मामंजी. भाजणीची बाई आहे. कधी झालं ते वासावरून कळेलच.”

थोरली जिना उतरताना प्रत्येक पायरीवर टाच आपटत गेली.

तपासनीस दुसऱ्या दिवशी अकराला आला. ठेंगणा, शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघायची सवय. माळ्यावर टेबलाभोवती सगळे बसले. चारशे बारा नंबरची चिठ्ठी आज कागदबाईच्या मुठीत होती. रात्रभर तिनं मनाशी वाक्य बसवलं होतं. मी विचारलं होतं, हे उत्तर आलं. एवढंच. एकदा का बाहेरच्या माणसानं हे अक्षर बघितलं की ते कुणाच्या खिशात जाणार नव्हतं.

तपासनिसानं आधी वही चाळली.

“भाजणी, फोडणी,” त्यानं वाचलं. “हा कारखाना आहे की स्वयंपाकघर?”

कुणी हसलं नाही. त्यानं वही मिटली.

“नियम सांगतो, म्हणजे माझा आणि तुमचा वेळ वाचेल. लेखनदोष असेल तर दुरुस्ती होते. म्हणजे माल वाफेवरचा आहे आणि कागद भरणाऱ्यानं चुकून दुसऱ्या चौकोनात खूण केली. मी प्रक्रिया डोळ्यांनी बघणार, कागद भरणाऱ्याकडून तशी सही घेणार. त्यांचे कस्टम्स मान्य करतात. शुल्क जातं.”

“आणि दुसरं काही असेल तर?” कागदबाईनं विचारलं.

“दुसरं म्हणजे?”

“म्हणजे चुकून नव्हे. विचारून केली असेल तर.”

तपासनिसानं पहिल्यांदा हातावरून नजर काढून तिच्या तोंडाकडे बघितलं. “कारखान्याला विचारलं आणि कारखान्यानंच भाजणी म्हणून सांगितलं, असं असेल तर तो लेखनदोष नाही. ते निवेदन झालं. ते मला अहवालाला जोडावं लागेल, आणि जोडलं की दुरुस्ती संपली. अठरा टक्के बसलेच म्हणून समजा. मग मी स्वतः बॉयलरमध्ये बसून वाफ घेतली तरी उपयोग नाही.” तो थांबला. “असा काही कागद आहे का?”

सासरे बघत होते. पाहुणे बघत होते. थोरली टेबलावरच्या लाकडाच्या रेषा मोजत बसली होती, पण तिच्या मानेची शीर वर आली होती. तिला चिठ्ठी आठवत होती. काल आठवली नसेल, आत्ता आठवली होती.

“आधी खाली चला,” कागदबाई म्हणाली. “बॉयलर चालू आहे तोवर बघून घ्या.”

जिना उतरताना तिच्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. चिठ्ठी दाखवली तर थोरलीचा कारभार जाईल, खुर्ची राहील आणि व्यापारी जाईल. हा व्यापारी नवऱ्यानं तीन वर्षं पत्रं लिहून मिळवला होता. पहिल्या दोन पत्रांना उत्तरही आलं नव्हतं. नमुन्याचा डबा पाठवताना त्यानं एकेक दाणा दिव्यासमोर धरून निवडला होता, आणि ती शेजारी बसून त्याची टिंगल करत होती. चिठ्ठी दाखवली नाही तर व्यापारी राहील आणि खुर्ची जाईल. त्या खुर्चीत पाहुणे बसतील. पाय पसरून.

खाली तपासनिसानं बॉयलरखोलीची पाटी वाचली, वहीत उतरवली आणि दारातल्या बाईला विचारलं, “इथे काय करता?”

“भाजतो,” ती म्हणाली.

“कशावर?”

“वाफेवर.”

“वाफेवर भाजता?”

“मग काय पाण्यावर?”

मागच्या दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. थोरलीनं त्यांच्याकडे बघितलं आणि त्या कामाला लागल्या.

“जाळ लागतो का बीला कुठे?” तपासनिसानं विचारलं.

“बीला जाळ लागला तर मोठ्या बाई आम्हाला भाजतील,” बाई म्हणाली. तपासनिसानं हे लिहून घेतलं नाही, पण तीन पेनांपैकी एक काढून कानामागे खोचलं. मग त्यानं बी वाफवायच्या कुकरचं झाकण उघडायला लावलं, वाफ ओसरल्यावर आत हात घातला, चार बिया उचलल्या, फोडून घेतल्या, गर उभा चिरला, भिंगाखाली धरला. दाणा पांढरा होता. कडेला तांबूस रेघही नव्हती. तो पुढे दाबमापकाचा आकडा बघायला वळला. सासरे त्याच्यासोबत गेले. पाहुणे सासऱ्यांसोबत गेले.

बॉयलरची भट्टी टरफलांवर चालायची. भट्टीवाल्यानं फावडं भरलं आणि पायानं दार उघडलं. आत लाल दिसत होतं. कागदबाई दोन पावलं पुढे झाली, मूठ उघडली आणि चिठ्ठी टरफलांसोबत आत गेली. गुलाबी कागद क्षणभर उलटला, पेन्सिलीची बाजू वर आली आणि काळा झाला. भट्टीवाल्यानं दार लाथेनं बंद केलं.

ती वळली तेव्हा थोरली समोर उभी होती. सहा फुटांवर. तिनं सगळं बघितलं होतं. कागदाचा रंगही आणि कदाचित अक्षरही. दोघींच्या नजरा तेवढ्यापुरत्या भिडल्या. थोरलीनं हातातलं फडकं झटकलं आणि बाजूला होऊन वाट दिली, एखाद्या परक्या माणसाला द्यावी तशी.

वर आल्यावर तपासनिसानं तारेला ओवलेल्या चिठ्ठ्या मागितल्या. तो पाटीपेक्षा आकड्यांचा माणूस निघाला.

“चारशे अकरा आहे. चारशे तेरा आहे. मधली कुठाय?”

“शाई सांडली होती तिच्यावर,” कागदबाई म्हणाली. “फेकून दिली.”

“काय होतं तिच्यावर?”

“आठवत नाही. पोत्यांचं काहीतरी.”

तपासनीस थोरलीकडे वळला. “तुमच्याकडे आली होती ती खाली?”

सासऱ्यांनी मान वळवली. थोरलीनं आधी खिडकीकडे बघितलं, मग दोरीकडे.

“रोज येतात,” ती म्हणाली. “एकेकीचं काय लक्षात ठेवायचं. नाही आठवत.”

“बरं.” त्यानं लिहिलं. “म्हणजे लेखनदोष. सही इथे, बाई. ‘खूण माझ्या हातून, माझ्या चुकीनं झाली. कारखान्याकडून तशी सूचना नव्हती.’ वाचून घ्या.”

तिनं वाचून घेतलं. ‘माझ्या’ दोनदा आलं होतं. तिनं सही केली, शिक्का मारला आणि शिक्का पुसून डब्यात ठेवला. तो तिनं मारलेला शेवटचा शिक्का होता.

तपासनीस गेल्यावर सासऱ्यांनी विचारलं, “काल काहीतरी सांगणार होतीस.”

“काही नव्हतं, मामंजी.”

“थोरली?”

“मला काय विचारता?” थोरली म्हणाली. “तिनं सही केलीय ना. शब्द तुमचा होता.”

म्हाताऱ्यानं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. काहीतरी हुकलंय हे त्याला कळत होतं. पण शब्द दिला होता आणि तो मागे घ्यायची त्याला सवय नव्हती. “धाकटी प्रतवारीवर बसेल,” तो शेवटी म्हणाला. “सोमवारपासून.”

“ताई, किल्ल्या,” पाहुणे लगेच म्हणाले. “म्हणजे घाई नाही. पण असलेल्या बऱ्या.”

कागदबाईनं किल्ल्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या नाहीत. टेबलावर ठेवल्या, आणि त्यांना वाकून घ्याव्या लागतील इतक्या पलीकडच्या कडेला.

नऊ दिवसांनी कंटेनर सुटला. शुल्क लागलं नाही. व्यापाऱ्याचा निरोप आला, दोन ओळी आभाराच्या आणि एक पुढच्या मागणीची. तो पाहुण्यांनी खिडकीत उभं राहून साऱ्या कारखान्याला मोठ्यानं वाचून दाखवला, जणू तो त्यांनाच लिहिलेला होता.

कागदबाई खाली प्रतवारीच्या टेबलावर होती. अख्खे दाणे एकीकडे, पाकळ्या दुसरीकडे, तुकडे तिसरीकडे, डाग पडलेले वेगळे. पहिले चार दिवस तिची मान अवघडायची, मग सवय झाली. बायका तिला अजून कागदबाईच म्हणत. एकीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “वर खुर्ची होती, खाली स्टूल आहे. कसं वाटतं?” “पाय जमिनीला लागतात,” ती म्हणाली होती. थोरली तिच्या टेबलापाशी दिवसातून सात-आठ वेळा यायची, ढिगात बोट फिरवायची आणि तिच्या शेजारणीला सांगायची, “हिला म्हणावं, हात उचल.” शेजारीण बिचारी तेच वाक्य पुन्हा म्हणायची.

तिला दिलेलं टेबल नेमकं दोरीखाली होतं. तेही थोरलीनंच ठरवलं असणार. रोज वरून डबा यावा आणि हिनं तो बघत बसावं.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी डबा उतरला तो डुगडुगत. पाहुण्यांना अजून दोरी सावकाश सोडायची कला साधली नव्हती. थोरली चाळणीच्या यंत्रापाशी होती. तुकडे वेगळे करणारी ती चाळणी खडखडत होती, तिच्यापुढे मोठ्यानंच बोलावं लागे. थोरलीनं तिथूनच बोट करून विचारलं. शेजारणीकरवी नव्हे, कारण शेजारीण पाण्याला गेली होती.

“काय म्हणतोय तो?”

दोन वर्षांतले हे पहिले शब्द थेट तिच्याकडे आले होते. कागदबाईनं चिठ्ठी काढली आणि मोठ्यानं वाचली.

“‘नवा कंटेनर. फॉर्मवर चौकोन दोन. खूण कशावर? पाटीवर भाजणी आहे, तीच ना?’”

आसपासचे आठ-दहा हात मंदावले.

“लिही ना उत्तर,” थोरली म्हणाली. “पेन्सिल आहे तिथं.”

“काय लिहू?”

“तुला माहीत नाही?”

“मी प्रतवारीवर आहे, जाऊबाई. भट्टीचं तुम्ही सांगायचं, मी लिहीन.” कागदबाईनं चिठ्ठी उलटी केली, पाठीची कोरी बाजू वर ठेवली. “आहे तेच लिहायचं. जास्त शहाणपण नको.”

थोरलीचा चाळणीवरचा हात थांबला. हे शब्द जगात फक्त एकाच कागदावर लिहिले गेले होते, आणि त्या कागदाचं काय झालं ते दोघीच जाणत होत्या. बाकीच्या बायकांना एवढंच दिसलं की मोठ्या बाई उभ्या आहेत आणि बोलत नाहीत. असं कधी होत नसे.

“वाफ लिही,” थोरली म्हणाली.

“ऐकू नाही आलं. चाळणी चालू आहे.”

आलं होतं. टेबलावरच्या सगळ्यांना आलं होतं. थोरलीनं हात लांब केला आणि यंत्राचं बटण स्वतःच बंद केलं. चाळणी दोन गचके देऊन थांबली. बॉयलरचा सुस्कारा आता स्पष्ट ऐकू यायला लागला. फोडणीच्या टेबलावरच्या बायकाही मान वर करून बघू लागल्या.

“वाफ,” थोरली म्हणाली. “वाफवून. आपल्याकडे बी वाफवतात. भाजत नाहीत. चौदा वर्षं झाली.”

कागदबाईनं लिहिलं. अक्षर नीट, सरळ. मग चिठ्ठी आणि पेन्सिल दोन्ही पुढे केली.

“सही तुमची.”

थोरली टेबलापर्यंत आली. उभ्यानंच, कागद न टेकवता सही केली. त्यामुळे पेन्सिल एका ठिकाणी कागदातून आरपार गेली. चिठ्ठी तिनंच डब्यात टाकली आणि दोरीला हिसका दिला. वर कप्पी किंचाळली. डबा हेलकावे खात गेला.

मग तिनं यंत्र सुरू केलं. परतताना कागदबाईच्या टेबलापाशी थांबली आणि समोरच्या अख्ख्या दाण्यांच्या ढिगात बोट फिरवलं.

“यात पाकळ्या मिसळल्यात,” ती थेट तिलाच म्हणाली. “सगळा पुन्हा निवड.”

ढिगात एकही पाकळी नव्हती. ते दोघींना दिसत होतं. कागदबाईनं ढीग दोन्ही हातांनी पुढे ओढला आणि पहिला दाणा उचलला.